चाक रुतलं तर

पनवेल,
रविवार, दुपार

प्रिय आफरीन,

कार्यक्रमानंतर तू मेसेज केलास, ‘कसा झाला गं?’ आणि मी तुला नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा मला अजून टोचतोय. फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. तू मध्येच हसतेस, मग मीही हसते आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून आज कागद घेऊन बसले. नवरोबा प्रणित जेवून झोपलाय, घर शांत आहे. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

सातवीच्या विज्ञानात अवकाशातल्या रोबोटवर जेमतेम एक परिच्छेद आहे. फळ्यावर लिहायचा, मुलांनी उतरवायचा, रिकाम्या जागा भरायच्या, की संपलं. मला ते तसं संपवायचं नव्हतं. आपटा गावाच्या वाटेवरची ही आमची शाळा तू पाहिलेली नाहीस. इथल्या निम्म्या पोरांचे बाप पोकलेन नाहीतर डंपर चालवतात. आधी रस्त्यांची कामं, मग विमानतळाचं. ही मुलं बैलापेक्षा पोकलेन जास्त ओळखतात. आवाजावरून सांगतात, मशीन भरलंय की रिकामं. अशा मुलांना मंगळावरची गाडी शिकवायला मिळणं म्हणजे चैनच, असं मला वाटलं होतं.

मी त्यांना मैदानात नेलं. मालू म्हणून एक मुलगी आहे, बारीक चणीची, बोलायला लागली की थांबत नाही. तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि तिला रोबोट केलं. बाकीचे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे पृथ्वीवर. त्यांनी हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, एकानं तो रमतगमत चालत नेऊन तिला वाचून दाखवायचा. कारण मंगळापर्यंत निरोप जायलाच कित्येक मिनिटं लागतात ना! ‘चार पावलं पुढे’ ही चिठ्ठी पोचेपर्यंत ‘थांब, पुढे नळ आहे’ ही दुसरी निघालेली. दोनदा मालू नळावर जाऊन आदळली. पोरं हसून लोळली. तिसऱ्यांदा ‘पुढे चल’ असा हुकूम आला तरी ती हलेना. मी विचारलं, तर म्हणाली, “बाई, पुडं काय हाय ते मला दिसत नाय. त्यांना पन दिसत नाय. मंग मी कशाला चालू? मी आदी हातानं चाचपनार.”

आफरीन, माझ्या अंगावर काटा आला. धोका वाटला तर यंत्रानं स्वतःच थांबायचं, हे मी अजून शिकवलंही नव्हतं.

नेमके तेव्हाच दीनानाथ सर, आमचे मुख्याध्यापक, व्हरांड्यात आले. “घरतबाई, ही सहल आहे की तास? पालक बघतायत बाहेरून.” मी समजावायला गेले. बोलता बोलता तुझं नाव निघालं, की माझी मैत्रीण बंगळुरूला चंद्रावरच्या गाडीचे हात बनवते. झालं! सरांचे डोळे चमकले. मैदान बंद आणि तुझं ऑनलाइन व्याख्यान पक्कं. कधी वाटतं, तुझं नाव घेतलंच नसतं तर बरं झालं असतं.

तुला पडद्यावरून काय दिसलं असेल? सतरंजीवर ओळीत बसलेली, तेल लावलेली डोकी. तुझ्या आधी संस्थेचे दोन पदाधिकारी किती वेळ बोलले, ते तुला ऐकू आलं नसेल. तू आलीस तेव्हा पोरं आंबून गेली होती. मग तुझ्या स्लाइड सुरू झाल्या. इंग्रजी अक्षरं, आलेख, बाणांची जाळी. तू छान बोलत होतीस, पण ऑफिसातल्या लोकांशी बोलावं तशी. ‘सिम्पली पुट’ म्हणायचीस आणि त्यानंतर काहीच सिम्पल नसायचं. मी तुला चॅटमध्ये लिहिलं, ‘मराठीत बोल गं’. तू वाचलं नसशील. पोरं तरीही हलली नाहीत. बाईंची मैत्रीण बोलतेय म्हणून हलली नाहीत.

शेवटी तू विचारलंस, ‘एनी क्वेश्चन्स?’ मालू उभी राहिली. तिचा काका उरणकडे खाडीच्या भरावावर पोकलेन चालवतो. मागच्या वर्षी त्याचं मशीन चिखलात रुतलं. दुसरी दोन मशीनं आणून ओढून काढावं लागलं. गावभर त्याचीच चर्चा होती. तिनं विचारलं, “म्याडम, मंगलावर गाडीचं चाक रुतलं तर? तितं तर दुसरी गाडी पन नाय. मंग कोन काडनार?”

तू हसलीस. म्हणालीस, ‘सो क्यूट! गुड क्वेश्चन, आपण शेवटी घेऊ हं.’ मग सरांनी आभार मानायला माइक घेतला, तुझी दुसरी मीटिंग होती, पडदा काळा झाला. मालू उभीच होती. तिला वाटलं, शेवट अजून व्हायचाय.

आपण आठवीत होतो तेव्हाचं आठवतं तुला? तुझ्या अब्बांनी कुवेतहून रिमोटची गाडी आणली होती. भिंतीपलीकडे गेली तरी तिला रिमोटचं कसं ऐकू येतं, असं तू वर्गात विचारलंस आणि आपले विज्ञानाचे सर म्हणाले, ‘परीक्षेत येणार नाही ते, बस खाली.’ घरी जाताना तू वडाळे तळ्याच्या काठावर उभी राहून पाण्यात दगड मारत सुटलीस. रडत नव्हतीस, नुसते दगड मारत होतीस. मी तुझं दप्तर धरून उभी होते. ती तू आणि पडद्यावरची तू, मला जुळवता येत नाहीये.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली, ‘विद्यार्थ्यांनी लुटला अवकाशविज्ञानाचा आनंद’. सर खूश. वर्गात मालूचं नाव ‘क्यूट’ पडलं. पोरं तिला येता-जाता चिडवतात. ती आता हात वर करत नाही. मी मुद्दाम सोपे प्रश्न टाकून पाहिले, तर वहीत बघत बसते. परवा सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी आली आणि हळूच विचारलं, “बाई, क्यूट म्हंजे चुकीचा का?”

मी तिला अर्थ सांगितला. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, मोठमोठ्या माणसांच्या झोपा उडवणारा होता, हेही सांगितलं. एक गाडी तिथे खरोखरच वाळूत रुतून बसली होती, आणि इथे लोकांनी तसलीच वाळू पसरून, तसलीच गाडी रुतवून महिनोन्‌महिने खटपट केली होती, तेही सांगितलं. तिनं विचारलं, “मंग निंगली?” मी म्हटलं, नाही निघाली. रुतल्या जागीच उभी राहून जमेल तेवढं काम करत राहिली. ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला की बाईंनी नुसती समजूत काढली असं तिला वाटलं, मला कळलं नाही. ज्या मॅडम खरोखर अशा गाड्या बनवतात, त्या हसल्या होत्या ना! माझा शब्द कितीसा पुरणार?

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. विज्ञान दिनाला सरांना पुन्हा तुझंच व्याख्यान हवंय. या वेळी आजूबाजूच्या शाळाही बोलावणार आहेत, मोठा पडदा भाड्यानं आणणार आहेत. काल त्यांनी मला तुझी तारीख घ्यायला सांगितलं. मी तुला न विचारता सांगून टाकलं, आफरीन येणार नाही. ते तुला थेट फोन करतील, तेव्हा तुला हे आधी माझ्याकडून कळावं. हो म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण त्या दिवशी माझा वर्ग सतरंजीवर नसेल, मैदानात असेल. आणि ईदला अम्मींकडे येशील तेव्हा एक दुपार काढून इकडे ये. लॅपटॉप आणू नकोस, हार-शाल काही मिळणार नाही, सरांना तर मी सांगणारच नाही. मालूसमोर बस आणि चाक रुतलं तर तुम्ही तिथे काय काय करता, ते आपल्या भाषेत सांग. जे येत नसेल, ते ‘मला माहीत नाही’ असं तिच्या तोंडावर सांग. तिला तेही चालेल.

रागावलेली, तरी तुझीच,
भाविका