सईने बांधलेली माझी बिल्डिंग
रविवार, संध्याकाळ

खेळण्यातल्या विटांच्या या बिल्डिंगला खरा खर्च किती आला? नातीची अख्खी दिवाळीची सुट्टी आणि माझी दुपारची झोप. पण सईनं कर्वेनगरची माझी पहिली बिल्डिंग हुबेहूब उभी केली. गच्चीवरची टाकी तेवढी पिवळी. "आबा, काळ्या विटा संपल्या हो!"

शेजारी बघायला आले. मी ऐटीत म्हणालो, "आपली एकही बिल्डिंग आजवर कुणाला पाडावी लागली नाही."

स्वयंपाकघरात सूनबाई हळूच म्हणाली, "अहो, आबांना सांगितलंत का?"

"तूच सांग," मुलगा म्हणाला.

माझे कान तिखट. शेजारी गेल्यावर मीच जाऊन विचारलं. त्यानं सांगितलं. वाईट वाटायला हवं होतं ना? काहीच वाटलं नाही. त्या पिवळ्या टाकीकडे बघत बसलो.

कर्वेनगरच्या रीडेव्हलपमेंटचं काम त्यानंच घेतलंय. उद्यापासून पाडायला सुरुवात.