इथली तूर, तिथली तूर

३ जानेवारी, लातूर
बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय व्यापार सुरू केला. फळ्यावर दोन देश, दोन वस्तू. ज्याला जे कमी खर्चात जमतं ते त्यानं करावं, बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं. दोघांचाही फायदा. निलंग्याची एक पोरगी उठली, "मॅडम, दोघांचाबी फायदा हाय तर मग सरकार आयातीवर कर कशाला लावतंय?" ते पुढच्या आठवड्यात घेऊ, म्हणाले. का टाळलं कोण जाणे. उत्तर तर येत होतं.

७ जानेवारी
सुधाकर डाळमिलमधून दुपारीच घरी. लग्नाला बारा वर्षं झाली, डोळ्यांत अशी चमक फारशी पाहिली नाही. शेठ त्याला मोझांबिकला पाठवतायत. तिथल्या गावागावांतून तूर खरेदी करायची, बंदरावर कंटेनर भरून लातूरला पाठवायची. दोन हंगाम. उन्हाळ्यात निघायचं.
"मग, काय सांगणारेस शेठला?"
"हो म्हणूनच आलो."
पासपोर्ट तर दिवाळीतच काढून ठेवलाय. मला पत्ता नाही.
भाजी लागली खाली.

८ जानेवारी
अबोला. सु. चहा स्वतःच करून घेतोय, माझ्यासाठीही ठेवतोय. त्याचा राग आणखी येतो.

१४ जानेवारी, संक्रांत, माहेरी
मुखेडला उतरून जीपनं गावी. दत्तादादाची तूर निघाली. यंदा दाणा टपोरा. रास पडवीत, वर ताडपत्री. भाव मात्र नाही. बाहेरच्या तुरीवरचं शुल्क अजून माफ, जहाजामागून जहाज येतंय. आडतीवर सगळ्यांच्या तोंडी तेच.
जेवताना दादानं विचारलं, "दाजी, तुम्ही मिलमधी असता. भाव कवा उठंल?"
मला वाटलं सु. टाळेल. तो सरळ बोलला. आफ्रिका, नोकरी, सगळं. ताटातली पोळी तशीच राहिली दादाची.
"म्हंजे तिकडली तूर तुम्हीच आणणार."
"मी नाही गेलो तर दुसरा कुणी जाईल, दादा."
"जाऊ द्या ना दुसऱ्याला. तो आमचा दाजी नसंल."
वहिनी गुळाची पोळी वाढायला आली, ताटं तशीच भरलेली बघून माघारी गेली.
निघताना दादा जीपपर्यंत आला. म्हटलं, आता काहीतरी तोडून बोलणार. तर सु.ला विचारतो, "तिकडं पेरतात कवा? झाड केवढं होतं?"

१९ जानेवारी
वर्गाला घेऊन तेरला. तिथलं संग्रहालय. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड बैलगाड्यांतून भडोचला, तिथून समुद्रापार रोमकडं. पोरं फोटो काढण्यात दंग. मी काचेपुढं उभी. गाडीवान आठवडेच्या आठवडे बाहेर. घरी कोण होतं? ज्या गावात परदेशी माल येऊन पडला तिथल्या कारागिराचं काय झालं? पुस्तकात मालाची नावं असतात. एवढंच.
परतीच्या बसमध्ये सु.चा फोन. बोलले. अबोला मोडला म्हणायचा का? माहीत नाही. चीड आहेच.

२३ जानेवारी
मिलमध्ये गेले. म्हटलं बघू तरी कशासाठी चाललाय. रफीकभाईंनी (सु.चे सोबती, माल तेच पास करतात) दोन मुठी पुढं केल्या. एक आपली, एक तिकडची. तिकडची बारीक, जरा काळपट. "डाळ झाल्यावर भाभी, दोघी बहिणी," म्हणाले अन् हसले.
निवडणाऱ्या बायकांत लक्ष्मीबाई म्हणून एक, गावातून रोज येते. तिला विचारलं, बाहेरची तूर आली की वाईट नाही वाटत? तिचा भाऊही तूर लावतो.
"वाटतं की. पर आपली चार महिन्यांत सरती बाई. फुडं मिल बंद, मी घरी. मंग भाऊ घालतो व्हय मला खायला?"
घरी आले तर कशातच मन लागेना. कपाट आवरायला काढलं, अर्धं तसंच.

२८ जानेवारी
दादा लातूरला तूर घेऊन आला होता म्हणे. रफीकभाईंकडून कळलं. माझ्या घरी नाही, फोन नाही. तास सोडून बाजार समितीत गेले. लिंबाखाली टेम्पोला टेकून उभा. माल गेला होता.
"घर विसरलास का?"
"न्हाई गं. तुला तोंड दाखवायचं जिवावर आलं हुतं."
"का?"
इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाला, दाजींचा फोन आलता. त्यांच्या कंपनीला तिकडं एक माणूस पाहिजे. तूर कळणारा. तिथल्या शेतकऱ्यांना पेरणी, शेंडे खुडणं, अळीचं बघणं, हे शिकवायला. दादाचं नाव सु.नंच सुचवलं.
"अन् तू?"
"इचार करायलोय."
त्याच्या डोळ्यांत तीच चमक, सात तारखेला सु.च्या होती ती. दादा, जो नांदेडपलीकडं कधी मुक्कामाला राहिला नाही.

संध्याकाळी सु.वर भडकले. पुन्हा मला न विचारता? तो म्हणाला, "तुझ्या भावाचं भलंच बघितलं ना?" असेलही. मी म्हटलं, भलं बघ, पण मला सांगून बघ. तू कुठंही जा, मी इथं निरोपाची वाट बघत बसणारी बाई नाही. मग, "चुकलं," म्हणाला. हे मात्र खरं वाटलं.

१ फेब्रुवारी, रविवार
दादा सकाळीच आला, पासपोर्टची कागदपत्रं घेऊन. सु. अन् तो टेबलाशी. नकाशा, पाऊसमान, जमीन काळी की तांबडी. दोघं शाळकरी पोरांसारखे. मला हसू येत होतं.
बाराच्या सुमारास बेल. दारात वहिनी. एकटी, एसटीनं आलेली. कधी आली नव्हती अशी.
पाणी दिलं. प्याली. "वन्सं, तुम्ही बी बसा," म्हणाली, आणि टेबलापुढं जाऊन उभी राहिली.
"जायाचं तर जावा. शेत मी बघते, त्येची काळजी नगं. येकच सांगा. तुम्ही तिथं चांगली तूर पिकवून दावली, दाजींनी ती हिकडं धाडली. मंग माझ्या तुरीला कोन इचारंल?"
दादानं सु.कडं बघितलं. सु.नं माझ्याकडं. गेल्या महिनाभरात मी वर्गात हेच शिकवलं. शुल्क, कोटा, तौलनिक लाभ.
"आधी जेवून घेऊ," मी म्हणाले. "मग बोलू."
वहिनीनं खुर्ची ओढली. "मी जेवून निघालेय," म्हणाली. "बोला."