घड्याळातले आठशे मीटर

२ नोव्हेंबर, रविवार
घड्याळ पुन्हा मध्येच वाजलं. सुमन तिसऱ्या चारशेत होती. एक कि.मी. पुरा झाला म्हणून त्यानं आपणहून लॅप घेतला. तिला वाटलं चारशे झाले, तिनंही बटण दाबलं. म्हणजे एक लॅप ३ सेकंदांचा. सगळा हिशेब फिसकटला.
सुमन म्हणाली, "दादा, हा कुणाचं आयकत नाय."
हे घड्याळ माझ्या भावानं दिवाळीला पुण्याहून आणून दिलं. म्हणाला, तू पोरींना पळवतोस ना, आता मोबाइलवर बोट ठेवून उभं राहायची गरज नाही. पोरींना कसलं, एकच तर आहे. कासूच्या वाडीवरची सुमन. वय २८, एक मुलगी, वाडीवरची पहिली बारावी पास. मागच्या पोलीस भरतीत धावण्यात थोडक्यात हुकली. ह्या वेळी ८०० मी. २.५० च्या आत, असं दोघांनी ठरवलंय.

५ नोव्हें., बुध
पहिली शिफ्ट. रोह्याहून तीनला सुटलो, गाडीनं कासूला उतरलो. स्टेशनमागचा कच्चा रस्ता, मोरीपासून बांधापर्यंत सरळ. इथंच पळवतो. आतापर्यंत विजेचे खांब मोजून. दोन खांबांत अंतर किती ते कोणाला ठाऊक.
आज इंटरव्हल लावून बघितलं. चारशे पळ, दोन मिनिटं थांब. ती पाणी प्यायला मोरीवर चालत गेली, घड्याळ समजलं पळायला लागली. पुढची धाव रेस्टमध्ये धरली. तिचा घामेजला अंगठा लागला की स्क्रीन उडते ती वेगळीच.
पेणला घरी बसून सेटिंग शोधली. मंदा म्हणाली, "जेवायला या, का तेपण घड्याळच सांगणार?"

९ नोव्हें., रवि
सापडलं. आपोआप लॅप १ कि.मी.चा होता, तो ४०० मी.वर आणला. आता तिनं बटणाला हात लावायचा नाही. मोरीपासून सुटायचं, दुसऱ्यांदा वाजलं की थांबायचं. पहिलं टायमिंग ३.०४.
सुमनचा नवरा किसन काल वीटभट्टीवर गेला. दरवर्षी दोघं जातात, मुलगीपण. ह्या वर्षी ती भरतीसाठी मागं राहिली. सासू बोलत नाही म्हणाली. बोलत नाही म्हणजे भांडत नाही की बोलतच नाही, विचारलं नाही.

२३ नोव्हें., रवि
२.५८. फॉर्म भरला. फोटो पेणला काढला, केस घट्ट बांधून. ओळखू येत नव्हती.
आठवडाभर ती पेणला गणपतीच्या कारखान्यात असते, मूर्ती घासायला. नाकात पांढरी पूड. सगळे उभ्यानं काम करतात, ही दोन पाळ्यांच्या मध्ये जिना चढते-उतरते. मालक हसतो म्हणे.

१४ डिसें., रवि
२.५१.
मी एवढा खूष की पेणपर्यंत चालत जावंसं वाटलं. १९ वर्षं व्हॉल्व्ह उघडतोय आणि बंद करतोय. त्याआधी जिल्ह्यासाठी पळलो होतो, हे कंपनीत कोणाला माहीत पण नाही. माझ्या हातून काही घडतंय असं बऱ्याच वर्षांनी

२८ डिसें., रवि
२.४७. सलग दोनदा. सुमन मोरीवर बसून घड्याळाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "पुसून नाय ना जाणार?"
एक गोष्ट खटकली. पहिल्या धावेला ती रस्त्याकडेच्या बाभळीच्या पुढं थांबली, दुसऱ्या धावेला बाभळीच्या अलीकडे. चार-पाच पावलांचा फरक. दोन्हींना घड्याळ म्हणतं आठशे.

१ जाने., गुरु
कंपनीतल्या सिव्हिलवाल्याकडून टेप मागून आणला. ३० मीटरचा. एकदा मोजून टाकू, डोक्यातून जाईल.

४ जाने., रवि
सकाळी तिच्या आधी तासभर पोचलो. टेपच्या टोकावर दगड ठेवून एकट्यानं मोजलं. मोरीपासून बाभळीपर्यंत पंचवीस टेप आणि वर ४ मी. म्हणजे ७५४.
पुन्हा उलट मोजलं. ७५४.
४६ मीटर नाहीत. घड्याळ उपग्रहावरून अंतर मोजतं. वर हायटेन्शनच्या तारा आहेत म्हणून चुकतं, का झाडं आहेत म्हणून, मला काय कळणार. तिच्या पायांनी ४६ मी. म्हणजे दहा सेकंद. २.४७ नाही, २.५७.
ती आली तेव्हा टेप पिशवीत होता. हसत आली. सासू काल तिच्याशी बोलली, "काय गो, तू पोलीस झालीस तर आमाला पकडशील काय." मुलीला संध्याकाळी सांभाळीन म्हणाली. सुमन हे सगळं धापा टाकत सांगत होती, अजून पळायची होती तरी.
नाही सांगितलं. स्टेशनवर वडापाव घेऊन दिला. तिनं अर्धा मुलीसाठी कागदात बांधला.

५ जाने., सोम
भरतीच्या मैदानी चाचणीला २४ दिवस आहेत. आत्ता सांगितलं तर ती खचेल. मागच्या वेळी मैदानावर भीतीनंच मागं पडली होती. त्यापेक्षा न सांगता भरून काढतो. ताकदीसाठी म्हणून थोडं जास्त पळवायचं.
मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "खचेल का नाही ते तिला ठरवू दे की."

११ जाने., रवि
"आजपासून नऊशे," म्हणालो. "का?" म्हणाली. "दम वाढायला." मान हलवली आणि पळाली. बांधापर्यंत गेली, तिथं वाकून उभी राहिली. पाच वेळा पळवलं. मी आयुष्यात कोणाला इतकं पळवलं नसेल.
घड्याळानं मध्ये दुसऱ्यांदा वाजून २.४९ दाखवलं. तिनं तेवढंच लक्षात ठेवलं.

१६ जाने., शुक्र
डावी पोटरी धरली. लंगडत होती. "लिंबूपाणी पी, तेल लाव," म्हणालो. कारखान्यात दिवसभर उभं राहायचं, वर माझे नऊशे.

१८ जाने., रवि
पळवलं नाही. बसून राहिलो दोघं. सांगायला चांगली वेळ होती. तिनं विचारलं, "दादा, मैदानात शेवटचं जोर कुठून मारू?" मी म्हणालो, शेवटच्या शंभरला.
कुठला शेवटचा शंभर, ते तिचे पाय ७५४ वरच शिकलेत.

२५ जाने., रवि
पोटरीचं दुखणं उतरलंय म्हणते. हळू दोन फेऱ्या. घड्याळ लावू दिलं नाही. "मैदानावर घालू देत नाहीत, सवय मोडायला हवी," म्हणालो. हे तरी खरं होतं.

२९ जाने., गुरु
रजा टाकून सुमनच्या चाचणीला अलिबागला गेलो. आत सोडत नाहीत, कुंपणाबाहेरून बघितलं. लाल मातीचा ट्रॅक, पांढऱ्या रेषा, कोणीतरी नीट मोजलेला. पायातल्या चिपनं वेळ घेतात.
सुमन पहिल्या फेरीत चौथी. दुसऱ्या फेरीत सरळ रेषेवर आली आणि जोर मारला. दोघींना मागं टाकलं. मग शेवटच्या पन्नासला जशी कोणी मागून साडी धरावी तशी झाली. हात चालत होते, पाय नाही. तिघी पुढं गेल्या.
३.०२.
बाहेर आली, पाणी घेतलं नाही. म्हणाली, "ते शेवटचे पन्नास मीटर कुठून आले, दादा?"
मी म्हणालो, माती मऊ असेल. पोटरीमुळं असेल.
पेणपर्यंत एसटीत ती खिडकीकडे. मी पुढच्या सीटच्या दांडीकडे.

३० जाने., शुक्र
कामावर. दोनदा चुकीचा व्हॉल्व्ह धरला. सुपरवायझर नुसता बघून गेला.

१४ फेब्रु., शनि
लेखी परीक्षेला कोणाला बोलावलंय त्याची यादी लागली. सुमनचं नाव नाही. मोबाइलवर तीनदा बघितलं, आडनावानं, नंबरानं. तिला फोन केला तर तिला आधीच कळलं होतं. "असू दे," म्हणाली. "तुम्ही लय केलंत माझ्यासाठी."
हे वाक्य ऐकून मी फोन मंदाकडं दिला.

१५ फेब्रु., रवि
मंदा म्हणते, आता सांगून तुम्हालाच हलकं वाटणार, तिला काय मिळणार. आधी सांगा म्हणत होतीस, म्हणालो. "तेव्हा तिच्या उपयोगाचं होतं," म्हणाली.
बरोबर आहे तिचं. पण सुमन पुन्हा पळेल कधी, तर तेच चुकीचे आठशे डोक्यात धरून पळेल. का हीसुद्धा मी शोधलेली सबब.

२२ फेब्रु., रवि
गेलो कासूला. मोरीवरच भेटली, लाकडं घेऊन येत होती. मोळी खाली ठेवली. सांगितलं सगळं. घड्याळ कमी अंतराला आठशे म्हणत होतं, ४६ मीटर, दहा सेकंद.
ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"
"जानेवारीच्या पहिल्या रविवारी."
"म्हणजे वडापाव घेतलात त्या दिवशी."
"हो."
"आणि ते नऊशे त्याच्यासाठीच."
"हो."
एक मालगाडी गेली. मग रागानं नाही, विचारल्यासारखं म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, असं वाटलं तुमाला?"
मी म्हणालो, घाबरली असतीस.
"व्हय, घाबरले असते," म्हणाली. "मग पळाले असते. दहा सेकंद कमी करायला पंचवीस दिवस होते. झाले नसते तर नसते झाले. पण मला ठाऊक असतं मी कुठं हाय."
मोळी डोक्यावर घ्यायला हात लावायला गेलो. "राहू द्या," म्हणाली आणि एकटीनं उचलली.

२ मार्च, सोम
दुसरी शिफ्ट. जाताना कासूला खिडकीतून बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.
घड्याळ कपाटात ठेवलंय. बिचाऱ्याला चार्जिंग नाही. त्यानं फक्त मोजताना चूक केली, ते जाणूनबुजून कोणाशी खोटं बोललं नाही.

१५ मार्च, रवि
राहवलं नाही, वाडीवर गेलो. सुमनच्या झोपडीला कुलूप नव्हतं, आडवी काठी होती. शेजारून सासू आली. सुमन मुलीला घेऊन किसनकडे भट्टीवर गेली म्हणाली, परवाच. कुठली भट्टी? "कर्जतच्या बाजूला. नाव काय मला म्हाईत नाय." पावसाच्या आधी येतील. पुन्हा भरतीचं काही बोलली का? म्हातारीनं हात झटकले. "जाताना बूट नेलेन पिशवीत. भट्टीवर बूट कशाला, म्या इचारलं नाय."
मी निघालो तर तिनं थांबवलं. घोंगडी टाकली, बसा म्हणाली, चूल पेटवली.
"सांगून गेलीय ती," म्हणाली. "दादा आले तर चा द्यायचा. बाकी काय बोलायचं नाय."
कोरा चहा होता, गूळ जास्त. ती समोर बसून माझ्याकडं बघत होती, कप रिकामा होईपर्यंत. मी सगळा प्यायलो.