मिस्त्रीची सीट

धुळे,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

भाईदास,

तोताराम मिस्त्रीचा रामराम. घ्यायचा तर घे, नाही घेतलास तरी माझं काही अडत नाही.

तब्येत विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. डोळ्यांचं कळलं. डावा पूर्ण गेला आणि उजव्याने फक्त उजेड-अंधार समजतो, असं तुझी लेक शीतल फोनवर म्हणाली. म्हणून हे पत्र वाचून दाखवायला माणूस मीच पाठवतोय. पाकीट चिकटवलेलं आहे, तो तुझ्यासमोरच फोडेल. त्याला मधे थांबवू नको, आणि लघवीचं निमित्त काढून उठून जाऊ नको. नको तो विषय निघाला की उठून जायची तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे.

माझं म्हणशील तर गुडघे गेले, कान शाबूत आहेत. काल भाऊबीज झाली. सुगंधा गेल्यापासूनची ही दुसरी. पाट मांडला नाही. तुझी बायको गेली, माझी धाकटी बहीण गेली, आपल्या दोघांमधलं जे काही होतं ते तिच्यामुळे होतं. तिच्यासाठी मी तुला चारचौघांत पाव्हणं म्हणून अहो-जाहो केलं. आज करणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. तो दसऱ्याचा व्हिडिओ मी पाहिला.

चोपड्याच्या त्या केळीवाल्या हितेंद्रने जुनी फारगो ट्रक नवी करून घेतली, तिला हार घातले, पूजा केली आणि आपल्या वेळचे सगळे ड्रायव्हर-मिस्त्री खुर्च्यांवर ओळीने बसवले. मलाही बोलावलं होतं, गुडघ्यांमुळे गेलो नाही. बरं झालं गेलो नाही. गाडी बघून आधी जीव हरखला, खोटं कशाला बोलू. तेच लांब नाक, तेच फुगलेले मडगार्ड, दरवाजा लावताना होणारा तो लाकडी आवाज. स्टेअरिंग मात्र भलत्याच गाडीचं बसवलंय आणि रंग तर लग्नाच्या बँडवाल्यांचा. असो, पोराने हौसेने केलंय. म्हातारे खुशीत होते. कोणी हँडल मारून इंजिन चालू करताना मनगट मोडल्याचं सांगत होता, कोणी पाटाचं पाणी डब्याने आणून रेडिएटरमध्ये ओतल्याचं. डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडायचा नाही, हे झिपरू ड्रायव्हरने बसल्या जागी पाय हलवून दाखवलं. मी इथे एकटा हसलो.

मग फोन तुझ्यापुढे धरला. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, मांडीवर हात. आणि तू लळिंग घाटाचं काढलंस.

तुझे शब्द मला पाठ झालेत. "तोताराम मिस्तरीना ब्रेक म्हणजे देवना भरोसा. सकाळे नवा पाइप टाका, नट अर्धाच आवळा, अन् दुपारे गाडी खाले. मी वाचनू, मन्हा शालक गया." आणि सगळे हसले, भाईदास. शालक गेला हे तू कसं सांगितलंस, तर हसू यावं असं. झुलाल गेला ते तू चुटक्यासारखं सांगितलंस. माझा सख्खा धाकटा भाऊ, तुझ्या बायकोचा भाऊ.

तो व्हिडिओ खान्देशभर फिरला. तिसऱ्या दिवशी प्रेमराजने पाहिला. झुलालचा प्रेमराज. बाप गेला तेव्हा दीड वर्षाचा होता, आज त्याच्या डोक्यात पांढरे केस आहेत. मी त्याला वाढवलं, हातात पाना दिला, आग्रा रोडचं गॅरेज आज तोच चालवतो. चालवत होता म्हण. घरात आम्ही त्याला एवढंच सांगितलं होतं की घाटात गाडी गेली. ब्रेक कोणी केला होता, कधी केला होता, हे कोणी त्याच्यासमोर काढलं नाही. धुळ्यातल्या माणसांनी बेचाळीस वर्षं जीभ सांभाळली, तुला हार पडल्याबरोबर सांभाळता आली नाही.

तो माझ्या खाटेपाशी उभा राहिला. बसला नाही. म्हणाला, "काका, मन्हा बाप तुमना ब्रेकघाई गया का?"

तोंडात उत्तर होतं आणि निघालं नाही. त्याने ते गप्प बसणं म्हणजे हो धरलं. पेटी उचलली, बायको-लेकरांना घेऊन पहूरला सासऱ्याकडे गेला. आता तिथल्या फाट्यावर दुसऱ्याच्या गॅरेजात नट फिरवतोय. वीस दिवस झाले, फोन उचलत नाही. माझ्याकडे या जगात तेवढं एकच माणूस होतं, आणि ते तुझ्या हशापायी गेलं. तुला राग म्हणजे काय ते माहीत नाही. मला माहीत झालाय. भाकरी गिळत नाही इतका.

आता नीट ऐक. अर्धा नट आवळायची माझ्या बापाला सवय नव्हती, मला नाही, झुलालला नाही. नट पुरता आवळला की त्याच्यावर आणि पाइपावर मिळून मी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायचो. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. तालुक्यात हे फक्त आमच्या गॅरेजात व्हायचं आणि तुला ते माहीत होतं, कारण तू माझी त्यावरून टिंगल करायचास, "मिस्तरी गाडीले गंध लावस" म्हणून.

त्या दिवशी बातमी कळताच मी मागच्या एका गाडीत बसून घाटात पोचलो तेव्हा पोलीस आले नव्हते. तू रस्त्याच्या कडेला पडलेला, डोकं फुटलेलं, शुद्ध नाही. झुलाल केबिन आणि दगडाच्या मधे. त्याला हात लावला. काही उरलं नव्हतं.

मग मी केबिनमध्ये पाहिलं. गिअर न्यूट्रलमध्ये होता. इंजिन बंद करायचा स्टॉपर बाहेर ओढलेला होता. तू डिझेल वाचवायला लळिंगच्या उतारावर भरलेली गाडी बंद करून सोडली होतीस. त्या गाड्यांचा ब्रेक इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचा. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा पाय दाबेपर्यंत चालतो, मग पेडल दगड होतो, दोन माणसं उभी राहिली तरी दबत नाही. हे शेंबड्या क्लीनरलाही ठाऊक असतं. तुला ठाऊक होतं.

खाली वाकून मी माझा पाइप पाहिला. रेघ जशीच्या तशी होती.

आणि तू बेशुद्ध असताना मी काय केलं ते नंतर तुला सांगितलं, ते आठवतं का, का हार घातल्यावर तेही विसरलास? मी गिअर टाकला. स्टॉपर आत ढकलला. आणि माझ्याच पान्याने, माझ्याच हाताने आवळलेला तो नट सैल केला. ब्रेक ऑइल मातीत गेलं. पंचनाम्यात आलं, पाइप निसटला. तुझं लायसन राहिलं, तुरुंग चुकला. सुगंधाच्या कडेवर एक पोर आणि पोटात एक होतं. एक भाऊ गेलाच होता, नवराही गेला असता. शुद्धीवर आलास तेव्हा दवाखान्यात मी तुझ्या कानात सांगितलं, पाइप निसटला, एवढंच बोल. तू माझा हात छातीवर धरून रडलास. तो हात मी अजून विसरलो नाही.

दोन वर्षं माझ्याकडे ब्रेकचं काम कोणी आणलं नाही. पंक्चर काढली. झुलालची बायको लताबाई मरेपर्यंत याच समजुतीत होती की जेठाच्या, म्हणजे माझ्या, हातून चूक झाली, आणि तरी रोज माझ्यापुढे ताट ठेवत राहिली. एकदाही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. हे सगळं मी गिळलं. पण खोटं जपायला दिलं होतं तुला, त्याच्यावर चुटके करायला नव्हतं दिलं.

इथे पत्र संपवणार होतो. काल रात्री संपवलंही होतं, सही करून. आज शनिवारी सकाळी पुन्हा उघडलं.

तू मनात म्हणत असशील, मिस्त्री बाकीचं का सांगत नाही. सांगतो.

आपल्याकडे रीत होती. ब्रेकचं काम झालं की मिस्त्रीने ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायचं. लळिंग चढायचा, वर गाडी वळवायची, आणि घाट उतरून गाडी परत गॅरेजपुढे उभी करायची. ज्याने नट आवळला त्याने आपला जीव त्या गाडीत ठेवून दाखवायचा. मी सगळ्यांना सांगत आलो की त्या दिवशी दुसरी गाडी खोललेली होती म्हणून मी बसलो नाही. लोकांना हेच माहीत आहे. दुसरी गाडी नव्हती. मी टपरीवर चहा पीत बसलो होतो.

सकाळी त्याच टपरीवर तू मला डिवचलंस. तुझा पाइप टिकेल का, अमुक करेल का, पाच-सहा ड्रायव्हरांसमोर. आणि मला गुर्मी चढली. मी म्हणालो, "मन्हा ब्रेक शे तो. गाडी बंद करीसन सोड घाटमा, तरी उभी ऱ्हाई. माले बसानी गरज नही." सगळे वा वा म्हणाले. व्हॅक्यूमचं मला ठाऊक नव्हतं असं नाही, मी शिकवायचो लोकांना. पण त्या घडीला तोंडातून निघून गेलं आणि परत घेणं जमलं नाही. म्हणून मी मुद्दाम बसलो नाही. ऐट.

झुलाल उठला. "दादा, रीत ती रीत शे, मी बसस," म्हणाला, आणि कप खाली ठेवून गेला. मी त्याला जाऊ दिलं.

तू डिझेलसाठी गाडी बंद केली नव्हतीस, भाईदास. वर मी तसं लिहिलं ते खोटं लिहिलं, सवयीने. तू माझा शब्द तपासायला बंद केलीस, आणि खाली येऊन टपरीवर मला हसायला. तू मूर्ख होतास आणि मी तुझ्याहून मोठा. नट सैल केला तो निव्वळ सुगंधासाठी नाही केला. गाडी बंद होती हे बाहेर आलं असतं तर का बंद केली हेही आलं असतं, आणि पाच-सहा जणांनी माझं बोलणं ऐकलं होतं. चुकलेला मिस्त्री होणं मला परवडलं. बढाईपायी भाऊ मारणारा होणं परवडलं नाही. तू बेचाळीस वर्षं हे कोणाला सांगितलं नाहीस, तेवढं तुझं मी मानतो. बाकी काही मानत नाही.

प्रेमराज, आता तुझ्याशी बोलतो. वाचणारा तूच आहेस. तुझ्या बायकोने, मोहिनीने, फोनवर कबूल केलं होतं की तुला समजावून चोपड्याला भाईदासकडे नेईल, आणि तिने ते केलं असणार.

तुला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून तुझ्याच तोंडून वाचून घेतलं. हेही चुकलंच माझं. समोर बसलाय तो तुझा फुवा, सुगंधा आत्याचा नवरा. त्याला विचार, यातलं एक अक्षर खोटं आहे का. तो उठून जाऊ लागला तर हात धर, पण त्याला बोलू नको फार. दिसत नाही त्याला, आणि तोही बेचाळीस वर्षं झोपलेला नसेल नीट. तुझा बाप माझ्या ब्रेकने गेला नाही. माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवून गेला. यावर तुला मला जे बोलायचं असेल ते बोल, मी ऐकतो.

गॅरेजात जामनेरच्या प्यारेलाल शेठची गाडी उभी आहे, तू अर्धी खोलून गेला होतास ती. ब्रेकचं काम मी बसून-बसून पुरं केलं. चार दिवस लागले. रेघ ओढली आहे. गाडीवाला रोज फोन करतोय, मी गाडी देत नाही, कारण घाट उतरून झालेला नाही.

शेजारच्या सीटवर मी बसणार आहे. चढताना मला खालून आधार द्यावा लागेल. चालवायला तू ये.

वाट बघत बाहेर खाटेवर बसलेला,
तुझा काका
तोताराम