बाबांनी सांगितलेले शेवट

ती. बाबांना,

रागातच नमस्कार करतेय, पण तो घ्या.

माझं बरं चाललंय. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते, वेळेवर जेवते. सुट्टीच्या दिवशी खोलीवर लहानपणीचे सिनेमे पुन्हा बघते आणि डोकं फिरतं.

गर्दीच्या आधी निघू म्हणत तुम्ही आम्हाला शेवटाआधीच उठवायचात आणि उरलेली गोष्ट वाटेत सांगायचात. तो आजारी मास्तर म्हणे बरा झाला! कसला बरा? चक्क मरतो तो. त्या दोघी बहिणी जन्मात भेटत नाहीत. कुत्र्याच्या पिल्लाची ती फिल्म तर इवलीशी, उठायलाही वेळ नव्हता, तर माझे डोळे झाकलेत! विनोदी सिनेमा तेवढा पूर्ण दाखवलात, तोच नेमका रटाळ.

परवा फोनवर आईच्या तपासणीचं विचारलं, तर म्हणालात, "काही नाही गं, सगळं छान होणार." वाटेत गोष्ट सांगायचात ना, अगदी तोच आवाज. आईला फोन द्या म्हटलं, तर ती झोपलेली. ताई तर फोनच उचलत नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं कळवा. या वेळी मला शेवटाआधी उठवायचं नाही.

तुमच्यावर भयंकर चिडलेली,
धाकटी