ओव्याची धुरी

आई, सातवा महिना लागता लागता जन्मलेल्या त्या पोराचे डोळे तुझ्या धुरीने गेले नव्हते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे.

आपल्या कापडे गावातली ती दुपार मला दिसते. तू, गावची सुईण, चुलीपाशी बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात कापसात गुंडाळलेलं गावातल्या एका बाळंतिणीचं वीतभर पोर. मध्येच ते श्वास घ्यायचं विसरतं, निळं पडतं. तू तळपायाला टिचकी मारतेस, "घे रे बाबा, घे," म्हणतेस, आणि ते घेतं. मी तेव्हा नुकतीच नर्स होऊन महाडच्या एका दवाखान्यात लागलेले, शहाणपण उतू चाललेलं. "टिचक्यांनी पोरं जगत नाहीत," म्हणत मी ते उचललं आणि महाडला नेलं. तिथे मुंबईहून ऑक्सिजनची नळकांडी यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, निळं पडलं की लाव, रंग आला की काढ. मला धीरच नव्हता. त्यांची पाठ वळली की मी नळी पुन्हा लावायचे. असा महिना गेला. तू बघायला आलीस तेव्हा म्हणालीस, "आता बंद कर गो. ओठ लाल झालं हायत त्याचं." मी तुला बाहेरच्या बाकावर बसवलं.

पोर जगलं. घरी आल्यावर तू रीतीप्रमाणे त्याला ओव्याची धुरी दिलीस. पुढे कळलं, ते दिव्याकडे बघतच नाही. त्याची आजी आपल्या अंगणात येऊन ओरडली, "तुझ्या धुरानं माझ्या नातवाचं डोळं गेलं!" त्यानंतर बाळंतपणाला कुणी बोलवायला आलं की म्हणायचीस, "नाय गो, माझा हात वाईट हाय."

तो आता बाप्या झालाय. ओटीवर सुंभ वळत बसतो. माझा आवाज ओळखून पाया पडतो, "तुम्ही जगवलंत," म्हणतो.

पुढच्या शिक्षणाला गेले तेव्हा वर्गात सांगितलं, फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन जास्त झाला तर दृष्टी जाते. मी ते वहीत उतरवून घेतलं. तेव्हा तू जिवंत होतीस, आई. त्यानंतर चार पावसाळे काढलेस. दर सुट्टीत भाकरी थापता थापता विचारायचीस, "धुरानं खरंच जातात का गो डोळं? तू शिकलेली, तुला ठाव असंल." आणि मी म्हणायचे, "जाऊ दे ना, झालं ते झालं," आणि ताट पुढे करायचे.