लाल वाळूची पिंड

प्रिय वैजू,

शिवणक्लासच्या बाईंच्या पत्त्यावर माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. ईशू बरी आहे, मी पण बरी आहे. घरी पाठवलं असतं तर आबांनी ओट्यावर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं असतं आणि संध्याकाळच्या आत आत्याच्या कानावर गेलं असतं. फोनवर मला मोकळं बोलता येत नाही. हे घरात असले की स्पीकर लावून ठेवतात, हे नसले की वरदभावजी असतात. आज दोघं कामावर गेलेत, ईशू दूध पिऊन झोपलीय, म्हणून बसलेय. आठवीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं समजून घे.

आईचा फोन आला होता. किती खूश होती गं! दसऱ्याला तुझी आणि वरदभावजींची सुपारी फोडायची म्हणाली. दोघी बहिणी दोघा भावांच्या घरात, ते पण बर्मिंगहॅममध्ये, गावात असं कुणाचं झालं नाही म्हणाली. आत्यानं माझ्या वेळेला आबांना शब्द दिला होता की तुझ्या दोन्ही लेकी माझ्याच घरात येतील, तो ती पाळतेय, असं चारदा सांगितलं. तू काय म्हणालीस ते मात्र तिनं सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही, हे समोर जेवत होते.

तू मागं विचारलं होतंस की ताई, त्या लाल डोंगरात काय काय केलंत, सगळं सांग. आत्यानं तुम्हाला फोटो दाखवलेच असतील. नीट बघ, त्यात मी एकातच आहे, ती पण कडेला अर्धी.

इथले लोक सुट्टी मिळाली की ऊन शोधत जातात. यांच्या ऑफिसातली ऋजुता आणि तिचा नवरा रवी, दोघं पुण्याचे. त्यांनी काढलं की जॉर्डनला जाऊ, तिथं वाळवंट आहे, तंबूत राहायचं, डोंगर चढायचे. हे लगेच हो म्हणाले. मला म्हणाले, तुला जमणार नाही, पण घरी एकटी ठेवली तर ऋजुता मला नावं ठेवेल. म्हणून ईशूला घेऊन मी गेले. वरदभावजी पण आले.

जागा मात्र सुंदर होती, खोटं कशाला बोलू? डोंगर विटेसारखे लाल आणि वरून खाली ओघळलेले, जसं काही मेण वितळलंय. वाळू बघितली की आपल्या अंगणात उन्हात पसरलेलं तिखट आठवायचं. एवढी मोकळी जागा आणि माणूस नाही, कुत्रं नाही. सरकारनं ती राखलेली आहे. झाडाचं पान तोडायचं नाही, दगड उचलायचा नाही. आमच्याबरोबर तिथला एक म्हातारा वाटाड्या होता, सालेमचाचा. त्याचे रोजे चालू होते, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, तरी पुढं बकरीसारखा चालायचा. त्याला इंग्रजी माझ्याएवढंच येत होतं, त्यामुळं आमचं दोघांचं बरं जमायचं. बाकीचे बोलायला लागले की आम्ही दोघं गप्प.

दुसऱ्या दिवशी हरतालिका होती. निघायच्या आधी आत्यानं फोनवर बजावलं होतं, कुठं पण असा, उपास निर्जळच करायचा, माझ्या लेकाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी म्हटलं, आत्या, ईशू अजून अंगावर पिते, आणि तिथं डोंगर चढायचेत. ती म्हणाली, आम्ही काय पाळण्यात झोपून उपास केले का? यांना विचारलं तर हे म्हणाले, तुमचा बायकांचा विषय आहे, मला मध्ये घेऊ नका. मी केला. तू पण त्याच दिवशी केला असशील, चांगला नवरा मिळावा म्हणून.

सकाळी तंबूमागं बसून वाळूची पिंड केली. कोरडी वाळू उभी राहीना, म्हणून बाटलीतलं ओंजळभर पाणी घातलं, तर हे ओरडले, प्यायचं पाणी आहे ते, मातीत काय ओततेस! मग तेवढ्यातच कशीबशी केली. लाल पिंड, वैजू, मी आयुष्यात बघितली नव्हती. पत्री वाहायला शेजारच्या झुडपाला हात लावला तर सालेमचाचा धावत आला, नो, नो म्हणत. मी पिंड दाखवली, आभाळाकडं हात केला. त्यानं झुडपाखाली गळून पडलेली वाळकी काटकी उचलून माझ्या हातात दिली. तीच वाहिली. ऋजुता आली आणि म्हणाली, अगं, दोन हजार सात चालू आहे, आणि तू नवऱ्यासाठी उपाशी? हे हसले. म्हणाले, करू दे गं, माझा इन्शुरन्स आहे तो. सगळे हसले. मी पण हसले. न हसून काय करणार?

मग डोंगर. वर दगडाची कमान होती, पुलासारखी, तिच्यावर उभं राहून फोटो काढायचा होता. पिशवीत बसवून ईशूला मी पाठीवर घेईन असं हे आदल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले होते. सकाळी म्हणाले, कॅमेरा आहे माझ्याकडं, तू घे. घेतली. ऊन चढलं तशी जीभ टाळ्याला चिकटायला लागली. डोळ्यांपुढं लाल लाल फिरायला लागलं, डोंगर कुठला आणि माझे डोळे कुठले कळेना. मी हाक मारली, अहो, थांबा जरा. हे म्हणाले, तुझी नाटकं इथं नकोत, सगळ्यांची सुट्टी आहे. मला एका सावलीच्या कपारीत बसवलं आणि म्हणाले, हलू नकोस, आलोच. सालेमचाचा पुढं ऋजुता-रवीबरोबर होता, त्याला यांनी खालूनच ओरडून सांगितलं, शी इज फाइन, रेस्टिंग.

आणि पाणी घेऊन गेले. सगळं पाणी यांच्या सॅकमध्ये होतं. मी म्हटलं, ईशूपुरतं तरी ठेवा. हे म्हणाले, तुझा उपास आहे ना, आणि ती तुझं दूध पितेच. गेले.

वैजू, पोटात काही नसलं की दूध कुठून येणार? तिला लावलं, ती ओढायची आणि रडायची. सावली सरकत सरकत गेली आणि आम्ही दोघी उन्हात. ईशूचे ओठ पांढरे पडायला लागले. आधी रडत होती, मग रडायची पण थांबली. खाली तंबूत पाणी आहे, उतरू या, एवढंच डोक्यात होतं. पोरीला पोटाशी बांधलं आणि उतरायला लागले. वाळूवरून पाय सटकला. मी पाठीवर पडले म्हणून ती वाचली, पण माझं डोकं दगडावर आपटलं. रक्त डोळ्यात आलं.

मी ओरडले. आवाज डोंगरात चारी बाजूंनी फिरला. वर कड्यावर वरदभावजी दिसले, सगळ्यांच्या मागं चालत होते. ते थांबले. उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून त्यांनी माझ्याकडं बघितलं. लांब नव्हते ते, आपल्या ओट्यावरून विहीर दिसते तेवढंच. मी हात वर केला, रक्ताचा हात. त्यांनी बघितलं, वैजू. तेवढ्यात पुढून यांची हाक आली, वरद, चल रे, काय बघतोस! ते वळले आणि गेले.

सालेमचाचाला वर पोचल्यावर माणसं कमी दिसली. कुणाला न विचारता तो उलटा पळत आला. आधी ईशूच्या ओठाला ओला फडका लावला, मग थोडं थोडं पाजलं. मग बाटली माझ्यापुढं धरली. मी मान हलवली. माझा उपास त्याला माहीत होता, सकाळीच बघितला होता त्यानं. त्यानं ईशूकडं बोट केलं, माझ्या छातीकडं केलं, आभाळाकडं केलं, आणि म्हणाला, बेबी मामा, गॉड सेज ड्रिंक. मग स्वतः तोंड फिरवून बसला, कारण त्याचा रोजा होता. मी प्यायले. सगळी बाटली प्यायले. तेवढं गोड मी काही खाल्लंप्यायलं नाही कधी.

हे आले. माझ्या डोक्याला चाचाचा रुमाल बांधलेला. यांनी रिकामी बाटली बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मोडलास का? आता माझे किती दिवस राहिले म्हणायचे? रवी हसला. ऋजुता हसली नाही, तिनं माझा हात धरला.

इथं आल्यावर यांनी आत्याला सांगितलं की हिनं उपास मोडला. तिथं ठेवून गेले ते नाही सांगितलं. आत्या फोनवर रडली, मला पांढऱ्या पायाची म्हणाली. आता यांना साधी सर्दी झाली तरी ती माझ्यामुळं. परवा बस चुकली, ती पण माझ्यामुळं. मी एकदाच म्हटलं, मी आबांना खरं काय ते सांगणार. तर म्हणाले, सांग आणि जा गावाला. व्हिसा माझ्यावर आहे तुझा, पासपोर्ट माझ्याकडं आहे, पोरगी मात्र इथंच राहील. तेव्हापासून रात्री मी ईशूला भिंतीकडं झोपवते आणि मध्ये मी झोपते. दार वाजलं तरी दचकते. खालच्या रश्मीबेन म्हणतात, लायब्ररीजवळ एक बाई बसते, अशा बायकांशी बोलते, मी येते तुझ्याबरोबर. अजून गेले नाही. पाय उचलत नाही.

तू म्हणशील, हे काही वरदभावजींनी केलं नाही. खरं आहे. ते हात उगारत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत, वहिनी वहिनी करत चहा मागतात, ईशूला चॉकलेट आणतात. नंतर मी त्यांना स्वयंपाकघरात विचारलं, भावजी, तुम्ही बघितलंत ना? खाली बघून म्हणाले, दादा बोलवत होता वहिनी. बस. आई म्हणते मोठा जरा तापट आहे, पण धाकटा गरीब आहे, वैजू सुखात राहील. वैजू, उद्या तू पडलीस आणि दादानं हाक मारली, तर तो तुझ्याकडं पण एकदा बघेल आणि जाईल. दसऱ्याच्या आधी आबांना नाही म्हण. मला शिकायचंय म्हण, मुलगा पसंत नाही म्हण, विष खाईन म्हण, काय पण म्हण. विचारलंच तर माझं नाव सांग, माझं इथं जे व्हायचं ते होईल. आई रडेल, आत्या शिव्या देईल, ते दोन महिने चालेल. आणि एक खरं सांगते. या घरात माझ्याशी आपल्यासारखं बोलणारं कुणी नाही. तू आलीस तर भांडी घासताना दोघी बोलू, ईशूला मावशी मिळेल, रात्री मला भीती वाटणार नाही. स्थळ निघाल्यापासून मी मनात तुझं अंथरूण माझ्या खोलीत घालून बघते. मला तू इथं एवढी हवी आहेस. येऊ नकोस.

तुझीच,
शशीताई